आमची आई : कुर्डीची, कुडचड्याच्या बाजाराची, माटोळीची

साळावलीकाठ

आमची आई यंदा मार्चमध्ये गेली. ऐंशी ओलांडली होती, आणि शेवटचा थोडा काळ सोडला तर हिंडती-फिरती होती. दिवसकार्य आटोपले, पाहुणे परतले आणि मग लांबच्या लोकांचे फोन सुरू झाले. त्यातले बरेच जण एकच वाक्य बोलले : "बिचारीने स्वतःचा गाव बुडताना पाहिला."

त्या वाक्यामुळेच हा धागा काढते आहे. सांगे तालुक्यातली कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली गेली हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरते, मे महिन्यात घरांचे चौथरे, तुळशीवृंदावने, पायवाटा वर येतात, सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, चॅपेलचे फेस्त होते, आणि विखुरलेले गावकरी एक दिवस भेटतात. आता कॅमेरेही येतात. म्हाताऱ्या माणसांना पायरीवर बसवतात आणि त्यांचे डोळे भरण्याची वाट पाहतात. आईलाही असेच बसवले होते. तिने त्या मुलाला आधी विचारले, "जेवलो मरे तूं?" आणि मग सरळ उठून त्याला शेतांच्या मेरा (बांध) दाखवायला घेऊन गेली : हे कोणाचे, ते कोणाचे, इथे वायंगण (उन्हाळी भात) कसे व्हायचे, तिथे पाणी कुठून वळवायचे. उन्हात तो दमला, ती दमली नाही. त्यातले काहीच पुढे दिसले नाही असे शेजारच्या मुलांनी सांगितले.

माझ्या आईच्या आयुष्यात गाव बुडणे ही एक गोष्ट होती. तिच्या अलीकडे आणि पलीकडे खूप काही होते. ते कोणीतरी लिहून ठेवावे म्हणून लिहिते.

माहेर नेत्रावळीचे, डोंगराच्या पायथ्याचे. वडील रानात जाताना हिला बरोबर न्यायचे, त्यामुळे झाडाझुडपांची ओळख तिला अक्षरांच्या आधी झाली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन कुर्डीला आली होती. पुढे गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या आणि माझा मोठा भाऊ पाटी घेऊन जायला लागला. तो संध्याकाळी चुलीपाशी बसून मुळाक्षरे गिरवायचा आणि भाकरी थापता थापता आई ती म्हणायची. अशीच ती वाचायला शिकली. आधी पोथी, मग पेपर. पेपर ती मोठ्याने वाचायची, अगदी बाजारभावसुद्धा, आणि म्हणून आमच्या ओसरीवर संध्याकाळी चारदोन माणसे हमखास असायची. पुढे धरणाचे कागद सह्यांसाठी आले तेव्हा वाड्यावरच्या बऱ्याच बायकांनी अंगठे दिले. आईने आधी कागद वाचायला मागितला, जेवढा कळला तेवढा वाचला, न कळलेल्या ओळींवर बोट ठेवून विचारले, आणि मग देवनागरीत सही केली.

गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही, या १९६७ च्या जनमत कौलात आमच्या वडिलांनी विलीनीकरणाच्या फुलावर शिक्का मारला, आईने विरोधाच्या दोन पानांवर. दोघे एकत्र गेले, एकत्र आले, आणि या विषयावर भांडण झाल्याचे कोणी ऐकले नाही. वडील विलीनीकरणवादी, मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचे कट्टर भक्त. आईलाही भाऊसाहेबांचा आदर होता, पण तिचे मत तिचे होते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही धरणग्रस्तांच्या वसाहतीत आलो. मी तेव्हा शाळेत होते. नवी जमीन खडकाळ होती, कुर्डीच्या मातीशी तिची तुलनाच नको. वडील खचले. ते तासन्‌तास अंगणात बसून राहायचे. आईने पहिल्या पावसाआधी घराच्या मागचे दगड वेचून बांध घातला, त्यात तांबडी भाजी, वाल आणि मिरची लावली. काटेकणगी (कंद) लावली. शेणखत मिळेल तिथून डोक्यावरून आणले. दुसऱ्या वर्षापासून ती पाटली (टोपली) घेऊन कुडचड्याच्या बाजारात बसू लागली. आमच्या घराण्यातली बाजारात बसणारी ती पहिली बाई. कोणाला आवडले नाही ते तिने मनावर घेतले नाही. माझे डीएड, धाकट्याचे आयटीआय, दोन्ही त्या पाटलीतून झाले.

आणि माटोळी. चवथीला गणपतीच्या वर जी चौकट बांधतात ती गोव्याबाहेरच्या वाचकांनी पाहिली नसेल. नारळ, सुपारीचे शिपटे, चिबूड, तोरिंगण यांच्याबरोबर पावसाळ्यातल्या रानातली फळे, शेंगा आणि फुले त्यात असतात. आता मडगाव, फोंडा, डिचोलीला माटोळीचा बाजार भरतो, सगळे विकत मिळते. आईने आयुष्यात रानातली एकही वस्तू माटोळीसाठी विकत आणली नाही. कांगलां, माट्टीची फळे, कवंडळ, घागऱ्या, कुड्याच्या वाती, हरणां, हे सगळे ती स्वतः आणायची, शेवटी शेवटी नातवाला झाडाखाली उभा करून त्याच्याकडून काढून घ्यायची. चौकटीला बांधायला सुतळी चालत नसे. केवणीची फांदी आणायची, साल उभी सोलायची, आतला मऊ पापुद्रा वेगळा करून पाण्यात भिजवायचा आणि ओला असतानाच गाठ मारायची. जड वस्तू आधी, त्याही समोरासमोर : या कोपऱ्यात नारळांची जोडी बांधली की लगेच पलीकडच्या कोपऱ्यात तेवढ्याच वजनाची. मधे थांबून ती चौकटीला एका बोटाने ढकलायची. चौकट डुलून सरळ झाली तर पुढे, एका बाजूला झुकली तर सोडून पुन्हा. रागावणे नाही, घाई नाही.

मे महिन्यात आम्ही सगळे कुर्डीला जाऊन आलो. आमच्या चौथऱ्यावर दिवा लावला. आता चवथ येते आहे. आमच्याकडे वर्ष होईपर्यंत सण नसतो, पण गणपती चुकवत नाहीत, दीड दिवसाचा होईल. माटोळी बांधायला आई नाही. ज्यांच्या घरी आई-आजीच्या हातची माटोळी होती त्यांनी पुढे काय केले, ते सांगाल का? आणि ज्यांनी आमच्या आईकडून कुडचड्याला भाजी घेतली असेल, त्यांनी जरूर लिहा.

अंत्रुजकर

ताई, आईंना नमस्कार. तुम्ही लिहिलेत ते फार बरे केलेत. कुर्डीचे नाव निघाले की आम्ही गाणे ऐकणारे लोक गायिका मोगूबाई कुर्डीकरांपाशी पोचतो. १९०४ साली त्या कुर्डीत जन्मल्या, तिथल्या त्यांच्या घराचा चौथराही पाण्याबाहेर आला की लोक दाखवतात. पण त्याच गावात शेत कसणाऱ्या, कागद वाचून सही करणाऱ्या बाईचे चरित्र मी आज पहिल्यांदा वाचले.

तिथले कदंबकालीन महादेवाचे देऊळ दगडन्‌ दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभे केले, जांभ्यात कोरलेली मातृदेवी वेर्ण्याला नेली. दगडांना आकडे घालून हलवता येते. बांध कुठे घातला, पाणी कुठून वळवले, हे आईंच्या डोक्यात होते. त्या मुलाला मेरा दाखवल्या तेव्हा तुमच्यापैकी कोणी बरोबर होते का? असल्यास आताच कागदावर काढून घ्या. उद्या-परवावर टाकू नका.

माझी आई म्हार्दोळची. जायांचे गजरे करायची. तिच्या बोटांचा वेग पाहून मी शिकायचे राहून गेलो असे आता वाटते, पण माझ्या बहिणीने शिकून घेतले आहे आणि देवीच्या जायांच्या पूजेला आमच्या घरचा वाटा अजून जातो.

चिबूड

मी या धाग्यातली नात. आत्याने लिहिलेले पुण्यात हॉस्टेलवर वाचले. माझ्या मैत्रिणींना वाचून दाखवले.

आजीबद्दल माझी भर. आम्ही सुट्टीत गेलो की सकाळी ती आम्हाला उठवायची नाही. उशाशी घागऱ्यांची सुकलेली शेंग धरून वाजवायची. आत बिया सुटलेल्या असतात, बारीक खुळखुळ वाजते. मी लहान असताना ती शेंग कानाशी धरून झोपायचे. आजी म्हणायची, वाजली की बी तयार झाली असे समजायचे, हिरवी तोडायची नाही. हे तिने मला एकदाच सांगितले, पण प्रत्येक सुट्टीत स्वतः करून दाखवले.

माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशी मी रडत होते. मार्क कमी पडले होते, हवे ते कॉलेज मिळणार नव्हते. बाबा गप्प, आई समजावत होती. आजी भाताच्या कणग्यापाशी होती, तिथूनच म्हणाली, "कितें रडटा? भात पिकलां तें कोण लुंवतलो?" आणि खरोखरच मला हातात कोयता देऊन शेतात नेले. दुपारपर्यंत कापणी केली. संध्याकाळी अंग इतके दुखत होते की निकालाचा विचार करायला जागा उरली नाही. रात्री तिने सोलांची कढी आणि गरम भात वाढला आणि मी कॉलेजांची यादी तिच्या शेजारी बसून पुन्हा केली. आज मी शेतकी महाविद्यालयात आहे, त्या यादीतला तो चौथा पर्याय होता.

आत्याच्या मडगावच्या घरी आजी आली की पाण्याचा पहिला पेला फिल्टरचा नको, नळाचाच घ्यायची. मडगावला पाणी साळावलीचे. पेला संपवून "आमचें उदक" म्हणायची आणि मग चहा. त्यात दुःख होते का, मी एकदा विचारले होते. ती म्हणाली, आमच्या शेतावरून आलेले आहे, चांगले असणारच.

चवथीला मी येते आहे, आत्या. केवणीची साल मला सोलता येते. गाठ मात्र काकाला येते, मला नाही.

वास्कोचा

मी वास्कोला वाढलो, साळावलीच्याच पाण्यावर. धरण आमच्यासाठी सहलीची जागा होती, बदकाच्या चोचीसारखा तो सांडवा बघायला शाळेतून नेले होते. त्या पाण्याखाली कोणाचे वायंगण होते हे शिक्षकांनी सांगितले नव्हते. ताई, विचारू का नको असे झाले आहे, पण विचारतो : आईंना आम्हा लोकांचा राग होता का?

पेडण्याची लेक

ताई, माझी आजी धालोच्या मांडावर पुढे असायची. पौषातल्या रात्री वाड्यावरच्या सगळ्या बायका जमायच्या, समोरासमोर रांगा करून गाणी म्हणायच्या. आजीला शेकड्यांनी गाणी पाठ होती, वही एकही नव्हती. ती गेल्यावर पहिल्या वर्षी मांडावर ओळी अडायला लागल्या. मग आम्ही असे केले : ज्या बाईला जी ओळ येते ती तिने म्हणायची, बाकीच्यांनी तिथेच मोबाईलवर ध्वनिमुद्रण करायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकीच्या घरी बसून ती लिहायची. तीन हिवाळे लागले. सगळे नाही मिळाले, बरेच मिळाले. मुख्य म्हणजे ज्या सुना लाजून मागच्या रांगेत असायच्या त्या पुढे आल्या, कारण आता त्यांच्याकडे ओळ होती.

माटोळीचेही असेच करता येईल. घरातल्या प्रत्येकाला एकेक वस्तू येत असेल. चिबूडला साल येते, काकांना गाठ येते. मिळून आजीची माटोळी होते की नाही ते बघा तरी.

साळावलीकाठ

अंत्रुजकर, मेरांचे तुम्ही म्हणता ते आजच भावाला सांगितले. तो त्या दिवशी बरोबर होता. आईच्या पिढीतले दोघेतिघे अजून आहेत, त्यांना बसवून नकाशा काढायचे ठरवले आहे.

वास्कोचा, तुम्ही विचारलेत ते चांगलेच केलेत. भाऊसाहेब स्वतः गावात येऊन सांगून गेले होते की या पाण्याने सगळ्या दक्षिण गोव्याचे भले होईल. आईने ते मान्य केले होते, आणि तिने एकदा मान्य केलेली गोष्ट ती नंतर मोडत नसे. पाणी पिणाऱ्यांवर तिचा राग कधीच नव्हता. राग होता तो वेगळ्या गोष्टीचा. वसाहतीत आल्यावर उन्हाळ्यात आमच्याच विहिरी आटायच्या आणि नळाला पाणी नसायचे. धरणासाठी गाव दिलेल्या माणसांनी टँकरच्या रांगेत उभे राहावे, हे तिला अजिबात पटले नाही. त्यासाठी तिने वाड्यावरच्या बायकांना घेऊन कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, अर्ज स्वतः सांगून मुलांकडून लिहून घेतले. मला तिचा तो राग तिच्या मायेइतकाच मोठा वाटतो, आणि त्याची आठवण ठेवायची तर तीही पूर्ण ठेवावी.

चिबूड, तुझा तो कापणीचा दिवस मला माहीतच नव्हता गं. ये लवकर.

वसाहतवाला

व्हनीकडे (ताईंच्या आईंना आम्ही व्हनी, म्हणजे वहिनी म्हणायचो) मी लहानपणापासून जात आलो. आमचे घर त्यांच्या पलीकडचे तिसरे. त्यांच्या मुलांना ठाऊक नसेल असे एक सांगतो.

कुर्डीतून निघताना लोकांनी देव आणले, भांडी आणली, दारे-खिडक्या काढून आणल्या. व्हनीने लाकडी कुडव (धान्य मोजायचे माप) आणला आणि बियाण्याच्या भाताची मुडी आणली. गवताच्या पेंढ्यात गच्च बांधलेली, आपल्याकडे बांधतात तशी. पहिल्या वर्षी इथे बहुतेकांचे बियाणे गेले. काहींनी पोटासाठी खाल्ले, काहींचे या जमिनीत उगवलेच नाही. व्हनीने ओलाव्याची एक चिंचोळी पट्टी शोधून तेवढ्यातच पेरले आणि पीक आल्यावर ज्याला हवे त्याला कुडव भरून दिले. अट एकच : पुढच्या वर्षी कुडवाला कुडव परत आणायचा, आणि तो तिच्याकडे न आणता ज्याच्याकडे नाही त्याला द्यायचा. माझ्या वडिलांनी घेतला होता, आणि आमच्याकडून तो चॅपेलजवळच्या कुटुंबाला गेला. कुर्डीत हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान तिन्ही घरे होती, इथे येताना पांगापांग झाली होती. भात मोजायच्या निमित्ताने लोक पुन्हा एकमेकांच्या दारात जायला लागले.

त्या भाताचा दाणा जाड, तांबूस. माझ्याकडे अजून थोडे आहे, दरवर्षी एका वाफ्यात करतो. चिबूड शेतकीला आहे असे वाचले. बाय, चवथीला आलीस की घेऊन जा आणि तुमच्या कॉलेजात दाखव.

गाठीबद्दल : माझ्या आवयला व्हनीनेच शिकवली होती. तिला येते. सांगितलेत तर येईल.

रानवाट

मी वनस्पतींचा अभ्यास करतो, माटोळीच्या निमित्ताने बरीच घरे फिरलो आहे. दोनतीन कामाच्या गोष्टी सांगतो, ताईंना उपयोग व्हावा.

केवण म्हणजे मराठीत मुरुडशेंग. मुख्य खोड न तोडता बाजूची अंगठ्याएवढी सरळ फांदी घेतली तर झुडूप पुन्हा फुटते. तुमच्या आई "फांदी आणायची" म्हणत, त्यांना हे ठाऊक असणारच. कांगलांचा वेल मुळापासून ओढू नये, अलीकडे बाजारासाठी असे सर्रास ओढतात आणि पुढच्या वर्षी तिथे काही राहत नाही. घागऱ्यांबद्दल आजींनी नातीला जे सांगितले, बी सुटल्याशिवाय तोडायची नाही, ते मी कुठल्याही व्याख्यानात सांगितले असते तेच आहे. कवंडळ पिकून शेंदरी झालेले घ्या, पण लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असे उंच बांधा, ते खायचे फळ नव्हे.

कला आणि संस्कृती खात्याची माटोळी स्पर्धा असते, तिथे वस्तूंची संख्या वाढवण्याकडे लोकांचा कल असतो. स्पर्धेमुळे माटोळीचे नाव झाले हे मान्य, पण माझे स्पष्ट मत आहे की ज्या रानाची ओळख आहे त्या रानातले मोजके आणावे. आईंनी ज्या जागांवरून आणले त्या जागा नातवाला ठाऊक आहेत असे दिसते. त्याच्या बरोबर जा आणि झाड कोणत्या ओहळाजवळ आहे ते लिहून ठेवा. माझी यायची तयारी आहे, बोलावलेत तर.

बाजारातली

मी कुडचड्याला राहते. आईंकडून तांबडी भाजी आणि वाल कितीतरी वर्षे घेतले. जुड्या त्या केळीच्या सोपाने बांधायच्या, मुळे धुऊन आणायच्या, म्हणून त्यांच्याकडची भाजी आधी संपायची. माझे बाळंतपण झाले तेव्हा सासूबाईंकडे त्यांनी न मागता मेथी आणि अळसांदे पाठवले होते आणि पैसे पुढच्या महिन्यातही घेतले नाहीत. त्यांच्या घरी कोण कोण आहे हे मला आज कळते आहे. माझा मुलगा आता नोकरीला लागला आहे, आईंना सांगायचे होते. तुम्हाला सांगते.

साळावलीकाठ

तुम्हा सगळ्यांचे वाचून दोन दिवस काही लिहिता आले नाही. कुडवाची गोष्ट आम्हा भावंडांत कोणालाच ठाऊक नव्हती. कुडव घरात आहे, देव्हाऱ्याखाली, आम्ही त्यात वाती ठेवतो.

ठरले ते असे. वसाहतवाला दादा, तुमच्या आईंना तयेच्या (चवथीच्या आदल्या) दिवशी सकाळी आणायला धाकटा येईल. चौकट तोपर्यंत धुऊन ठेवतो. रानवाट, तुम्ही आधीच्या रविवारी या. भाचा तुम्हाला ओहळाच्या बाजूने नेईल, पाऊस असला तरी जायचे, बूट घालून या. चिबूड साल सोलेल. नारळांच्या जोड्या मी बघते. बाजारातल्या ताई, तुम्ही आणि तुमचा मुलगा दोघांनीही चवथीला यायचे, जेवायला खतखते आणि पातोळ्या आहेत. हळदीची पाने आईने लावलेल्या वाफ्यातली भरपूर आहेत.

अजून कोणाकडे आईची काही आठवण असेल तर लिहीत राहा. धाग्याची छापील प्रत काढून धाकट्याकडे देणार आहे, तो ऑनलाईन वाचत नाही.